उपनगरांतील घरबाजार कां थंडावला होता ?



मंदी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती भावाची घसरण. मंडईंत कोथिंबिरीची आवक वाढली कीं सकाळची जुडी संध्याकाळीं निम्म्या दरानें मिळते, आणि दुकानदाराकडे कापड पडून राहिलें कीं तो दारावर सवलतीची पाटी लावतो. घरांच्या बाजारांत मात्र असें घडत नाहीं. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे घोडबंदर रस्त्यापासून एकीकडे विरार, दुसरीकडे बदलापूर आणि तिसरीकडे पनवेल अशा पसरलेल्या पट्ट्यांत, सुमारें २०१३ पासून २०२० पर्यंत घरांची विक्री रेंगाळत होती. तयार इमारतींत रात्रीं दिवे मोजके दिसत, अर्धवट इमारतींवरचे बांबू पावसाळ्यामागून पावसाळे भिजत होते. पण रेल्वेच्या डब्यांतून दिसणाऱ्या जाहिरातींवरचे दर फारसे खालीं आले नाहींत. तेव्हां ही मंदी होती तरी कोठें, असा प्रश्न कोणाहि विचारी माणसाला पडावा. माझें उत्तर असें आहे कीं ती किंमतींत नव्हती, ती काळांत होती. भाव उतरण्याऐवजीं घर मिळण्याची तारीख पुढें गेली, आणि तोट्याचा पुष्कळसा भाग विकणाऱ्यावर न पडतां घेणाऱ्यावर पडला. हें कसें झालें तें आज सांगावयाचें आहे.

त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. मुंबईचें उपनगर हें रेल्वेचें अपत्य आहे. १८५३ सालीं बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत गाडी धावली, १८६७ त विरारची गाडी सुरू झाली, आणि १९२५ सालीं कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी आल्यावर लांब राहून शहरांत कामाला येणें सामान्य कारकुनालाहि शक्य झालें. पण या जुन्या उपनगरांतील चाळी आणि इमारती बांधल्या कोणीं ? घरमालकानें, आणि त्या स्वतःच्या किंवा सावकाराकडून आणलेल्या भांडवलावर. इमारत पुरी झाल्यावर तो बिऱ्हाडकरू शोधी. बिऱ्हाडकरू मिळाला नाहीं, खोल्या ओस पडल्या, तर नुकसान मालकाचें. बिऱ्हाडकरूला एका महिन्याच्या भाड्यापलीकडे गमावण्यासारखें कांहीं नसे.

१९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं गोठलीं आणि भाड्यासाठीं घर बांधण्यांतला फायदा हळूहळू नाहींसा झाला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर होतें त्यांना या कायद्यानें संरक्षण दिलें, हें खरेंच आहे. परंतु नवीं घरें बांधावयाचीं तर तीं विकण्यासाठींच, असा पायंडा त्यानंतर पडला. १९६३ सालीं महाराष्ट्रानें मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला व लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली. व्यवहाराला शिस्त आली, पण मूळ फरक झाला तो झालाच. पूर्वीं घर आधीं व पैसा मागाहून असे. आतां पैसा आधीं आणि घर मागाहून, असा क्रम ठरला.

शेतकरी गरजेपोटीं उभें पीक विकतो तशांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं येथें पीक अजून पेरलेलेंहि नसतें. बिल्डरापाशीं स्वतःचें भांडवल थोडें असतें. तें जमिनींत आणि परवानग्यांत संपतें. कांहीं रक्कम तो वित्तसंस्थांकडून व्याजानें आणतो. उरलेली, आणि बहुधा मोठी, रक्कम येते ती गिऱ्हाइकांच्या हप्त्यांतून : जोतें झालें कीं इतके टक्के, पहिला स्लॅब पडला कीं इतके, विटकाम झालें कीं इतके. वरचा मजला खालच्या मजल्याच्या पैशावर चढतो म्हटलें तरी चालेल. आतां अशा इमारतींत शंभरांपैकीं चाळीसच घरें विकलीं गेलीं तर काय होईल ? साठ घरें रिकामीं राहतील एवढेंच आपल्या मनांत येतें. वस्तुतः शंभरहि घरें रिकामीं राहतात. कारण इमारतच बाराव्या मजल्यावर थांबते. कापडाच्या दुकानांत माल पडून राहिला तर ज्यानें आधींच कापड नेलें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. घराच्या बाजारांत मात्र न आलेल्या गिऱ्हाइकाची शिक्षा आलेल्या गिऱ्हाइकाला होते.

भरभराटीच्या दिवसांत हा धोका दिसत नव्हता. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा महाराष्ट्रानें २००७ त मागें घेतला, बँका घरासाठीं कर्ज देण्यास उत्सुक होत्या, आणि दर वर्षीं भाव चढतो हा अनुभव लोकांच्या अंगवळणीं पडला होता. त्यामुळें राहावयास घर हवें असणाऱ्यांच्या रांगेंत दुसरेच गृहस्थ येऊन उभे राहिले. जोतें होण्यापूर्वींच तीन-चार सदनिकांचा विसार द्यावयाचा आणि इमारत अर्धी होतांच नफा घेऊन बाहेर पडावयाचें, हा त्यांचा व्यवसाय. यांची मागणी आणि संसार थाटूं पाहणाऱ्या जोडप्याची मागणी हिशेबाच्या वहींत सारखीच दिसते. म्हणून बिल्डर फसले, बँका फसल्या, आणि गिऱ्हाईकहि फसलें. भाव चढेनासा झाला त्या दिवशीं हे मधले गृहस्थ नुसते थांबले नाहींत, तर आपलीं घरें विकावयास बाजारांत उतरले. एका रात्रींत गिऱ्हाईक तो दुकानदार झाला.

याच सुमारास वीस-ऐंशीची योजना पुष्कळ गाजत होती. गिऱ्हाइकानें वीस टक्के द्यावेत, बँकेनें ऐंशी टक्के आरंभींच बिल्डराच्या हातांत ठेवावेत आणि ताबा मिळेपर्यंतचें व्याज बिल्डरानें भरावें, अशी ती गोड रचना होती. गोडी कोठें संपते तें मागाहून कळलें. कर्ज कागदोपत्रीं गिऱ्हाइकाच्या नांवावर असतें. बिल्डरानें व्याज भरणें थांबवलें कीं बँकेची नोटीस गिऱ्हाइकाच्या दारावर येते. सप्टेंबर २०१३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांना बजावलें कीं कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेंच द्यावी. बँकांखेरीज इतर गृहवित्तसंस्थांना असा इशारा मिळावयास मात्र २०१९ चा जुलै उजाडावा लागला.

यानंतरचे आघात एकामागून एक आले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनें व्यवहारांतला रोखीचा भाग एकदम आटला. त्याविषयीं इतकें बोललें गेलें आहे कीं मीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं. मे २०१७ पासून महाराष्ट्रांत महारेरा, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, काम करूं लागलें. त्याच्या एका कलमाकडे मात्र मी आपलें लक्ष वेधीन. गिऱ्हाइकांकडून घेतलेल्या रकमेपैकीं ७० टक्के रक्कम त्या त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यांत ठेवावी, आणि काम जेवढें झालें असेल तेवढ्याच प्रमाणांत, वास्तुशास्त्रज्ञ, अभियंता व हिशेबतपासनीस यांच्या दाखल्यानें ती काढावी, असें हें कलम सांगतें. ऐकतांना हें अगदीं साधें वाटतें. पण याची टोपी त्याला हा ज्या धंद्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज, त्याला हें कलम म्हणजे श्वास कोंडण्यासारखें होतें. मिरा रोडच्या इमारतीचे हप्ते घेऊन वसईची जमीन घ्यावयाची, वसईच्या विसारांतून मिरा रोडचे राहिलेले मजले चढवावयाचे, हें आतां बंद झालें. रोग जुना होता. पथ्य सुरू झालें तेव्हां तो दिसूं लागला. कायद्यानेंच मंदी आणली, अशी जी तक्रार तेव्हां ऐकूं येई, ती मला म्हणूनच पटत नाहीं.

कराची गोष्ट निराळी. जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर तो बारा टक्के पडूं लागला. पूर्वीं सेवाकर व मूल्यवर्धित कर मिळून सुमारें साडेपांच टक्क्यांत काम भागत असे. बांधकामाच्या मालावर भरलेल्या कराची वजावट बिल्डरास मिळते आणि तिचा लाभ त्यानें गिऱ्हाइकास द्यावा, असें कायदा म्हणत होता. प्रत्यक्षांत तो किती जणांच्या हातीं पडला हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. मुद्दा वेगळाच आहे. ज्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालें, लोकांच्या भाषेंत ओसी आली, तिच्यांतील घरावर हा कर मुळींच नव्हता. पन्नास लाखांच्या घरावर सहा लाखांचा फरक ! मग शहाणा मनुष्य काय करील ? ओसीची वाट पाहील. ज्याला त्याला असें शहाणपण सुचलें आणि ओसी येण्यासाठीं लागणारा पैसाच येईनासा झाला. एप्रिल २०१९ पासून हा कर सर्वसाधारण घरांवर पांच व परवडणाऱ्या घरांवर एक टक्का करण्यांत आला, तोंवर पावणेदोन वर्षें निघून गेलीं होतीं.

राहिलेला आधार होता वित्तसंस्थांचा. सप्टेंबर २०१८ मध्यें आयएल अँड एफएस या बड्या संस्थेनें देणीं थकवलीं आणि अशा संस्थांना कर्ज देणाऱ्यांनीं एकदम हात आखडता घेतला. अल्प मुदतीचा पैसा घेऊन तो लांब मुदतीच्या बांधकामांत घालणाऱ्या संस्थांची त्यामुळें कोंडी झाली. पुढच्याच वर्षीं दिवाण हाउसिंग या गृहवित्तसंस्थेवर तीच पाळी आली. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना आपल्याच खात्यांतून आरंभीं केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्या बँकेच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बिल्डर-समूहाकडे अडकला होता. म्हणजे ज्यांनीं घर घेण्याचें कधीं मनांतहि आणलें नव्हतें, अशा मुलुंड-भांडुपकडील पेन्शनरांच्या चुलीपर्यंत या मंदीची झळ पोंचली.

इतकें सारें होऊनहि भाव कां उतरले नाहींत ? याचें एक कारण सर्वांना ठाऊक आहे : ज्यांनीं आधीं जास्त दरानें घरें घेतलीं ते दारांत येऊन उभे राहतील ही भीति. दुसरें कारण बँकेच्या कपाटांत आहे. न विकलेलीं घरें तारण ठेवून बिल्डरानें कर्ज उचललेलें असतें. एक घर स्वस्त विकलें कीं उरलेल्या सर्वांचें मोल उतरतें आणि सावकार अधिक तारण मागतो. तिसरें कारण मात्र सरकारी आहे आणि तें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मुद्रांकशुल्क आकारण्यासाठीं सरकार विभागवार दरांचें एक कोष्टक प्रसिद्ध करतें, त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. समजा, कोष्टकाप्रमाणें घराचें मोल पन्नास लाख आहे आणि बिल्डर तें गरजेपोटीं बेचाळीस लाखांना द्यावयास तयार आहे. तर मधले आठ लाख, जे कोणीं दिले नाहींत आणि कोणाला मिळाले नाहींत, ते प्राप्तिकराच्या दृष्टीनें बिल्डरचें उत्पन्न ठरत आणि पुन्हां गिऱ्हाइकाचेंहि उत्पन्न ठरत ! कोष्टक व प्रत्यक्ष किंमत यांच्यांत पांच टक्क्यांपर्यंत अंतर चालेल अशी सवड २०१८ च्या अर्थसंकल्पानें दिली, पुढें ती दहा टक्के झाली आणि नोव्हेंबर २०२० पासून जून २०२१ अखेरपर्यंत, दोन कोटींपर्यंतच्या नव्या घरांच्या पहिल्या विक्रीपुरती, वीस टक्के. भाव उतरावा अशी ज्या वेळीं सर्वांत अधिक गरज होती, त्या वेळीं उतरलेल्या भावावर दुहेरी कर होता.

मग सवलत वेगळ्या वेषांत येऊं लागली. दर तोच, पण स्वयंपाकघर सजवून मिळेल. दर तोच, पण मुद्रांकशुल्क आम्ही भरूं. दर तोच, पण मोटार ठेवण्याची जागा सवलतींत. सर्वांत चतुर युक्ति म्हणजे घरच लहान करणें. दोन खोल्यांचें घर दोन खोल्यांचेंच राहिलें, पण बाल्कनी खोलींत गेली आणि कपाट ठेवलें कीं पलंग बसेना. एकूण किंमत उतरली म्हणून जाहिरात झाली. चौरस फुटाचा दर होता तेथेंच होता.

आतां एका कुटुंबाचा हिशेब मांडूं. हें कुटुंब काल्पनिक आहे, आकडे मात्र त्या काळाला धरून आहेत. ठाण्यास पंधरा हजार भाड्यानें राहणाऱ्या या मंडळींनीं पन्नास लाखांचें घर घेतलें. दहा लाख स्वतःचे घातले. त्यांत गांवाकडची वांटणी आली, कदाचित् एखादा दागिनाहि आला. चाळीस लाखांचें कर्ज मंजूर झालें आणि टप्प्याटप्प्यानें तीस लाख बिल्डराकडे गेले. येथें काम थांबलें. तीस लाखांवर नऊ टक्क्यांनीं वर्षाचें व्याज होतें दोन लाख सत्तर हजार, म्हणजे महिन्याला साडेबावीस हजार. भाडें धरून दरमहा साडेसदतीस हजार घराच्या नांवानें बाहेर जाऊं लागले, आणि त्यांतून मुद्दल एका रुपयानेंहि फिटत नव्हतें. ताबा तीन वर्षें लांबला असें धरा. व्याजाचेच आठ लाख दहा हजार झाले, आणि त्यांच्या मोबदल्यांत डोक्यावर छप्पर आलें नाहीं. छप्पराचे पैसे निराळे, ते घरमालकाला. पन्नास लाखांच्या किंमतीवर ही रक्कम सोळा टक्क्यांहून अधिक पडते. बाजारांत मंदी, आणि या कुटुंबाला घर मात्र सोळा टक्क्यांनीं महाग पडलें ! यावर प्राप्तिकराची सवलत मिळेल म्हणावें, तर तत्कालीन नियमांप्रमाणें बांधकामाच्या काळांतील व्याजाची वजावट घर पुरें झाल्यावरच, पांच हप्त्यांत, मिळावयाची. आणि घर पुरें होण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लागला तर वर्षाला दोन लाखांची मर्यादा तीस हजारांवर यावयाची. उशीर बिल्डरचा, दंड गिऱ्हाइकाला.

पैशांत न मोजतां येणाऱ्या गोष्टीहि होत्या. नव्या घराच्या भरंवशावर मुलाचें नांव नव्या गांवच्या शाळेंत घातलेलें, आजी-आजोबांना गांवाहून आणावयाचें ठरलेलें, कोठें लग्नाची बोलणी ताब्यापर्यंत थांबलेलीं. डोंबिवलीची एक खोली विकून ठाण्यास दोन खोल्यांत जाऊं पाहणारें कुटुंब आपल्या खोलीला गिऱ्हाईक नाहीं म्हणून थांबे, त्याची खोली घेऊं पाहणारें कुटुंब बदलापुरांत अडकलेलें असे. घर बदलणाऱ्यांची ही साखळी असते. एक कडी अडली कीं सारी साखळी ताटकळते. बांधकामावरच्या मजुरांचें तर कोणीं मोजमापच घेतलें नाहीं. काम थांबलें कीं त्यांचे पत्रे निघत आणि माणसें दुसऱ्या गांवीं जात.

२०२० च्या सप्टेंबरांत महाराष्ट्र सरकारनें मुद्रांकशुल्क पांच टक्क्यांवरून वर्षअखेरपर्यंत दोन टक्क्यांवर आणलें, व पुढील तीन महिने तीन टक्क्यांवर ठेवलें. व्याजाचे दरहि तेव्हां बरेच उतरले होते, आणि महामारींत घरांत कोंडून बसलेल्या लोकांना आपल्या घराची लांबी-रुंदी नव्यानें कळली होती. एकट्या डिसेंबर २०२० मध्यें मुंबईंत साडेएकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. जी गोष्ट बिल्डर सात वर्षें करूं धजले नाहींत, म्हणजे उघडपणें किंमत कमी करणें, ती सरकारनें आपल्या हिश्शापुरती केली आणि बाजार हलला. पुढें तेजी आली; २०२४ सालीं मुंबईंतील नोंदणी एक लाख चाळीस हजारांच्या पलीकडे गेली. परंतु नवीं घरें खपूं लागलीं म्हणून जुन्या अडकलेल्या इमारती आपोआप पुऱ्या झाल्या असें समजूं नये. त्यांच्यासाठीं केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१९ मध्यें पंचवीस हजार कोटींचा स्वामीह नांवाचा निधि जाहीर केला होता. त्यांतून पुरा झालेला पहिला गृहप्रकल्प बोरिवलीचा, आणि त्याचा ताबा २०२१ च्या मे महिन्यांत मिळूं लागला.

कायद्यानें ताब्याच्या विलंबाबद्दल व्याज मागण्याचा हक्क गिऱ्हाइकास दिलेला आहे, आणि बिल्डरनें तें न दिल्यास जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें तें वसूल करतां येतें. पण निकाल हातीं पडणें आणि पैसा हातीं पडणें यांत पुष्कळ अंतर आहे, हें ज्यांनीं हेलपाटे घातले त्यांना विचारावें. म्हणून दिलेल्या वेळांतला उरलेला मिनिट मी एका व्यावहारिक गोष्टीला देतों. नवें घर पाहावयास जाल तेव्हां नमुन्याच्या सदनिकेंतले पडदे मागाहून पाहा. महारेराच्या नोंदींत प्रत्येक प्रकल्पाची पुरे होण्याची मूळ तारीख व वाढवून घेतलेली तारीख या दोन्ही दिलेल्या असतात, किती घरें विकलीं गेलीं तेंहि दिलेलें असतें. त्याच्याबरोबर बांधकाम सुरू करण्याचा दाखला, ज्याला सीसी म्हणतात, तो कितव्या मजल्यापर्यंत मिळाला आहे हें वाचा. पुष्कळदा तो एकदम साऱ्या इमारतीला मिळत नाहीं, टप्प्यानें मिळतो. पत्रकांत बावीस मजले आणि दाखल्यांत चौदाच असतील, तर अठराव्या मजल्यावरचें जें घर आपणांस खिडकींतून खाडी दिसेल म्हणून दाखवलें जात आहे, तें अद्याप कोणीं मंजूर केलेलें नाहीं.